पॉलिमरच्या नॅनोकणांतून औषध : बडोद्याच्या वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झालो. त्यानंतर दांडिया बाजारातल्या एका वाचनालयात या विषयावर दोनदा बोललो, तेव्हापासून फोनवर प्रश्नांची रीघ लागली. त्यात फार्मसीचे विद्यार्थी आहेत, केमो चालू असलेल्यांची मुलं-सुना आहेत, रावपुऱ्यातले एक-दोन मेडिकलवालेही आहेत. बडोद्याला औषधं नवी नाहीत. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक उभी केली ती १९०७ साली. तरी ‘नॅनो’ हा शब्द आला की भलेभले एक तर दबकतात, नाहीतर भाळतात. पुन:पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माहितीसाठी आहेत. तुमचा डोस, तुमची सलाईन आणि तुमचा आजार याबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

१. नॅनोवाहक म्हणजे नवं औषध का?

नाही. औषध बहुतेक वेळा जुनंच असतं, फक्त ते ज्यात बसून येतं ते नवं असतं. औषधाचे रेणू पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत भरतात आणि ते कण रक्तात सोडतात. कणांचा आकार साधारण १० ते २०० नॅनोमीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो : आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते आणि डोक्याचा केस ऐंशी हजार ते एक लाख.

औषध आत कसं बसतं हे समजायला स्वयंपाकघर पुरे. श्रीखंडात वेलचीची पूड सगळीकडे सारखी कालवलेली असते. कणात औषध तसं पसरलेलं असेल तर तो नॅनोस्फिअर. करंजीत सारण आत आणि पारी बाहेर असते, तशी रचना असेल तर नॅनोकॅप्सूल. तिसरा प्रकार मायसेल. खरकट्या ताटाचं तेल साबणाचं पाणी ज्या तऱ्हेने उचलतं, तसंच यात होतं : पाण्याशी वैर असलेलं औषध मधे, आणि पाण्याशी जमणारी पॉलिमरची शेपटी बाहेर. मायसेलचं एक दुखणंही साबणासारखंच आहे. पाणी घालत गेलं की फेस जातो. तसे कच्चे मायसेल रक्तात पातळ झाले की सुटतात आणि औषध वाटेतच सांडतं.

२. पॉलिमर म्हणजे प्लास्टिक. आईच्या शिरेत प्लास्टिक सोडणार का?

या प्रश्नामागची भीती रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाठ्यपुस्तकात ज्याला बहुवारिक म्हणतात ते म्हणजे लहान घटक साखळीसारखे जोडत जाऊन झालेला लांब रेणू. कापूस, स्टार्च, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन हेही त्याच जातीचे. बादलीचं प्लास्टिक हा त्यातला एक नातेवाईक, एवढंच.

या क्षेत्रात सगळ्यांत जास्त वापरलेला पॉलिमर म्हणजे पीएलजीए. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लाची ती साखळी. पाणी तिचे दुवे हळूहळू तोडतं. लॅक्टिक आम्ल दह्यातही असतं आणि धावल्यावर आपल्या स्नायूंतही तयार होतं. शरीर ते नेहमीच्या वाटेने वापरतं आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं. तुमच्या घरात कुणाचं सिझेरियन झालं असेल आणि ‘आपोआप विरघळणारे टाके’ घातले असतील, तर ते बहुधा याच कुटुंबातले होते. तशा एका प्रचलित धाग्यात नव्वद टक्के ग्लायकोलिक आणि दहा टक्के लॅक्टिक भाग असतो, आणि तो दोन-सव्वादोन महिन्यांत शोषला जातो. कणांसाठी हे प्रमाण बदलतात. निम्मं-निम्मं ठेवलं तर पॉलिमर लवकर विरघळतो. लॅक्टिकचा भाग वाढवला तर तो पाण्याला दूर ठेवतो, त्यामुळे उशीर लागतो.

सगळेच पॉलिमर मात्र विरघळत नाहीत. पीईजी, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, शरीरात तुटत नाही. त्याच्या लहान साखळ्या लघवीवाटे निघून जातात, फार लांब साखळ्या अडकून राहू शकतात. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘प्लास्टिक आहे का’ हा ठेवू नका. ‘कोणता पॉलिमर आहे आणि तो बाहेर कसा पडतो’ असं विचारा.

३. हे अजून प्रयोगातच आहे ना?

बरंच काही प्रयोगात आहे, पण थोडं दवाखान्यात येऊन वीस-तीस वर्षं झाली. पॉलिमरला औषध जोडायचा आराखडा जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट रिंग्सडॉर्फ यांनी १९७५ साली मांडला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट लँगर आणि ज्युडा फोकमन यांनी पॉलिमरमधून मोठे रेणू सावकाश सोडता येतात हे दाखवलं. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी महिन्यातून एकदा घ्यायचं ल्युप्रोलाइड १९८९ साली अमेरिकेत मंजूर झालं. त्यातले पीएलजीएचे कण मायक्रो आकाराचे, म्हणजे नॅनोपेक्षा पुष्कळ मोठे असतात, पण तत्त्व तेच. अल्ब्युमिनच्या कणांतलं पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध २००५ साली आलं. दक्षिण कोरियात पॉलिमर-मायसेलमधलं पॅक्लिटॅक्सेल आणि आपल्याकडे डाबरचं तशाच धर्तीचं इंजेक्शन ही दोन्ही २००७ च्या आसपासची.

आणि हे सगळं दूरदेशी चाललंय असंही समजू नका. आपल्या गावातल्या सन फार्मा अॅडव्हान्स्ड रिसर्च कंपनीने पॉलिमर आणि मेद यांच्या आधाराने पॅक्लिटॅक्सेलचे शंभर-एकशेदहा नॅनोमीटरचे कण तयार केले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फार्मसीवाल्यांनीही औषधवहनाच्या नव्या पद्धतींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

४. साधं पॅक्लिटॅक्सेल स्वस्त आहे. नॅनोवालं कशाला लिहून देतात?

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून जुन्या पद्धतीत ते अल्कोहोल आणि एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात विरघळवतात. एरंडाचं देशातलं सर्वांत मोठं उत्पादन आपल्या गुजरातचं, तेव्हा हे द्रावक आपल्याला परकं वाटायला नको. पण शिरेतून गेल्यावर तेच द्रावक काही रुग्णांना जोरदार अॅलर्जी आणतं. मग आधी स्टिरॉइड आणि अॅलर्जीविरोधी औषधं द्या, सलाईन तीन तास चालवा, शिवाय ते द्रावक नेहमीच्या पीव्हीसी पिशवीतलं रसायन ओढून घेतं म्हणून पिशवी आणि नळी वेगळी लावा, असा सगळा खटाटोप. मूळ औषधापेक्षा त्याच्या द्रावकाचाच त्रास जास्त.

अल्ब्युमिनच्या कणांत हे द्रावक लागतच नाही. स्तनाच्या कर्करोगात दर तीन आठवड्यांनी देताना सलाईन अर्ध्या तासात संपते, स्टिरॉइडची आधीची तयारी बहुतेकांना लागत नाही आणि डोसही जास्त देता येतो : शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला १७५ ऐवजी २६० मिलिग्रॅम.

हे सगळ्यांनाच हवं का? माझं मत विचाराल तर नाही. मधुमेहामुळे स्टिरॉइड जड जाणाऱ्या किंवा द्रावकाची अॅलर्जी आलेल्या रुग्णाला जास्तीचा पैसा सार्थकी लागतो. ज्यांना जुनं निर्धोक चालतंय त्यांनी ‘नॅनो घेतलं नाही’ म्हणून मनाला लावून घेऊ नये. दागिने मोडायच्या आधी डॉक्टरांना एकच विचारा : ‘माझ्या बाबतीत याने नेमकं काय वाचेल?’

५. नॅनो केमोने केस गळत नाहीत असं ऐकलं. खरं का?

पॅक्लिटॅक्सेलच्या बाबतीत खोटं. अल्ब्युमिनवाल्यानेही केस गळतात, हातापायांना मुंग्या येतात आणि पांढऱ्या पेशी उतरतात. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १५०० च्या खाली असतील तर डोस पुढे ढकलतात.

६. कण थेट गाठीवर जाऊन बसतात ना? चित्रात तर बाण लागावा तसं दाखवतात.

त्या चित्रांनी फार घोळ केला आहे. कण रक्तासोबत सगळीकडे फिरतात. त्यांना ना डोळे, ना सुकाणू. मात्र गाठीच्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतींना फटी असतात, आणि गाठीतून लसिकेचा (पेशींभोवतीच्या द्रवाचा, म्हणजे लिम्फचा) निचराही नीट होत नाही. मग कण फटीतून आत गळतात आणि साचतात. हे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ साली मांडलं. उंदरांत ते छान दिसतं. उंदराच्या अंगावरची गाठ पंधरा दिवसांत फुगवलेली असते. माणसाची गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली असते. एका रुग्णात तिला फटी असतात, दुसऱ्यात नसतात, आणि एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतही फरक पडतो.

टोरोंटोच्या एका गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे निबंध चाळून २०१६ साली हिशोब मांडला : टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचलेल्यांचा मध्यक ०.७ टक्के. बाकीचे कुठे जातात? बरेचसे यकृत आणि प्लीहेत. तिथल्या भक्षक पेशी परकं काही दिसलं की गिळतात. मूत्रपिंडातून जायला कण साडेपाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान लागतो, आपले तर त्याच्या कितीतरी पट मोठे.

कणावर गाठीची ‘किल्ली’ लावून पाहिली तरी प्रश्न सुटत नाही. प्रोस्टेटच्या पेशींवरचं एक प्रथिन ओळखणारे, डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधाचे पॉलिमर-कण बनवणाऱ्या बाइंड थेराप्युटिक्स या अमेरिकन कंपनीने २०१६ सालीच दिवाळखोरीचा अर्ज केला. किल्ली दारापाशी पोचल्यावर कामाची. दारापर्यंतचा रस्ता पुन्हा त्याच फटींतून जातो.

मग उपयोग काय? द्रावक टळतं (प्रश्न ४), काही औषधांत हृदयासारख्या नाजूक जागी होणारा मारा कमी होतो आणि औषध जास्त वेळ रक्तात टिकतं. हे लाभ खरे आहेत, आणि एवढेच सांगितले तरी पुष्कळ आहेत.

७. पीईजी म्हणजे काय? माझ्या रिपोर्टवर ‘पेगिलेटेड’ लिहिलंय.

कणाभोवती पीईजीच्या साखळ्यांचं झुबकेदार आवरण घातलं की पाणी त्याला बिलगतं, रक्तातली प्रथिनं चिकटत नाहीत आणि यकृतातले पहारेकरी जरा उशिरा ओळखतात. १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालेलं पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन (मेदाच्या कणांत भरलेलं केमोचं औषध) असंच दिवसच्या दिवस रक्तात फिरतं. हृदयाला होणारा त्रास त्याने कमी होतो, पण हातापायांचे तळवे लाल होऊन सोलवटण्याचा नवा त्रास काहींना होतो. फुकट काहीच मिळत नाही.

अपवाद लक्षात ठेवा. काही जणांच्या रक्तात पीईजीविरुद्ध प्रतिपिंडं असतात. कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायला जी पावडर पाण्यात घालून पितात, तीत बहुधा हेच असतं. ती प्यायल्यावर अंगावर गांध्या उठल्या असतील किंवा धाप लागली असेल तर ते सलाईन लावण्याआधी सांगा. नर्स विचारायची वाट पाहू नका.

८. तपासणीत याचा काय उपयोग? औषधच नसेल तर कण कशाला?

औषधाच्या जागी दिसणारी वस्तू भरली की तोच कण तपासणीचा होतो. लोहाच्या ऑक्साइडचा बारीक गाभा आणि त्यावर डेक्स्ट्रान या साखरेच्या पॉलिमरचं आवरण, असं एक द्रव्य अमेरिकेत १९९६ साली यकृताच्या एमआरआयसाठी मंजूर झालं होतं. मला त्याची युक्ती अजून आवडते. प्रश्न ६ मधल्या ज्या भक्षक पेशी औषधाच्या कणांना अडवतात, त्यांचाच इथे फायदा घेतला. निरोगी यकृत कण गिळून चित्रात काळं पडतं. कर्करोगाच्या गाठीत त्या पेशी नसतात, म्हणून ती उजळ राहून उठून दिसते. धंद्यात ते टिकलं नाही, कंपन्यांनी मागे घेतलं.

आज सर्रास चालतं ते सेंटिनेल नोडसाठीचं नॅनोकोलॉइड. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी अल्ब्युमिनचे ऐंशी नॅनोमीटरच्या आतले कण टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याने ‘खूण’ करून गाठीजवळ टोचतात. ते लसिकेच्या वाटेने काखेतल्या पहिल्या ग्रंथीत जाऊन थांबतात. सर्जन गॅमा प्रोबने (किरण टिपणाऱ्या दांडीने) तेवढीच ग्रंथी हुडकून काढतो. ती स्वच्छ निघाली तर काखेतल्या साऱ्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत आणि पुढे हात सुजण्याची धास्ती कमी होते. मला विचाराल तर या क्षेत्राचं रोकड यश हे आहे, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही.

एकाच कणात औषध आणि दृश्य-खूण दोन्ही भरून ‘पोचलं का’ हे आधी पाहायचं, मग पुढचा डोस द्यायचा, असंही काम चालू आहे. प्रश्न ६ वाचलात तर त्याची गरज कळेल : ज्याच्या गाठीला फटीच नाहीत त्याला ते महाग औषध कशाला द्यायचं?

९. ती टेक्नेशियमची सुई घेतल्यावर नातवाला जवळ घेऊ का?

सेंटिनेल नोडसाठीचा डोस अगदी थोडा असतो. टेक्नेशियमची अर्धआयु सहा तास, म्हणजे चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो. अंगावर पाजत असाल किंवा घरात गरोदर बाई असेल तर न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांना आधीच सांगा. ते नेमके तास सांगतील.

१०. आम्ही कट्टर शाकाहारी. यात प्राण्यांचं काही असतं का?

बडोद्यात हा प्रश्न मला कर्करोगाइतक्याच गांभीर्याने विचारला जातो, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं (बुरशीपासूनचंही मिळतं). जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून येतं. इंजेक्शनमधलं अल्ब्युमिन माणसाच्या रक्तदानातून. अल्जिनेट समुद्री शेवाळातलं. पीएलजीए आणि पीईजी कारखान्यात बनतात, आणि त्यांतलं लॅक्टिक आम्ल साखर किंवा मका आंबवून काढतात. डॉक्टरांना आधी सांगितलंत तर पर्याय असेल तिथे ते देतील. नसेल तिथे निर्णय तुमचा.

११. म्युकरच्या वेळी मिळत नव्हतं ते इंजेक्शन, आणि कोविडची लस, हे सगळं यातच येतं का?

शेजारचं घर. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत लोक ज्यासाठी रात्र-रात्र फिरले ते लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन. त्याचे कण मेदाचे आहेत, पॉलिमरचे नाहीत. साध्या अॅम्फोटेरिसिनने हुडहुडी भरते आणि मूत्रपिंडं दुखावतात. मेदाच्या वेष्टनाने तो मारा कमी होतो. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन यांत नॅनोवाहक नव्हते. पुण्याच्या जेनोव्हाच्या एमआरएनए लशीत मात्र मेदाचे नॅनोकण होते.

१२. नॅनो हळदीच्या गोळ्या घेऊ का? मंगळबाजारात मिळतात.

हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं, म्हणून त्याचे कण बनवायची कल्पना वेडगळ नाही. पण बाजारातला पूरक आहार औषधाच्या कसोट्यांतून गेलेला नसतो, आणि डबीवर ‘नॅनो’ छापलं म्हणून आत नॅनोच असेल याची हमी नाही. केमो चालू असताना तर ऑन्कॉलॉजिस्टला न सांगता मुळीच नको.

१३. मेडिकलवाला म्हणतो, दुसऱ्या कंपनीचं घ्या, घटक तोच.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत त्याचं बरोबर. इथे थांबा. कणाचा आकार, आवरण, आतून औषध सुटण्याचा वेग यांवर शरीरातला सगळा प्रवास ठरतो, आणि चिठ्ठीवरचं नाव तर दोन्हीकडे ‘पॅक्लिटॅक्सेल’. प्रश्न ४ मधले आकडे आठवा : १७५ चं आणि २६० चं एकमेकांच्या जागी दिलं तर काय होईल ते सांगायला नको. लायपोसोमल आणि साधं यांची अदलाबदल तर जिवावर बेतू शकते.

कायदाही हा फरक मानतो. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांत औषधवहनाची नवी पद्धत कायम ‘नवं औषध’ म्हणूनच धरली आहे. त्याच वर्षी नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही निघाली. स्वस्त पर्याय जरूर मागा, पण मागा डॉक्टरांकडे, काउंटरवर नको.

१४. व्हायल घरच्या फ्रीजमध्ये ठेवली तर चालेल?

खोक्यावर लिहिलंय तेच करा, कारण प्रत्येकाचं वेगळं. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन २ ते ८ अंशांत, आणि बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. अल्ब्युमिनवालं पॅक्लिटॅक्सेल न उघडलेलं असेल तर २० ते २५ अंशांत चालतं, पण बडोद्याच्या मे महिन्यात घरातलं तापमान ते नव्हे. शक्यतो दवाखान्यातच ठेवायला सांगा.

अल्ब्युमिनवाल्याचा द्राव दुधासारखा दिसतो म्हणून नातेवाईक घाबरतात. तो तसाच असायला हवा. सिस्टर तो खळाखळा न हलवता सावकाश घोळवतात, कारण फेस झाला तर बिघडतं. तळाशी गुठळ्या दिसल्या तर मात्र बोला.

१५. (विद्यार्थ्यांचा) आमचे कण पहिल्या दिवशी १५० नॅनोमीटर, आठवड्याने ४००. काय चुकतं?

पाण्यात ठेवलेत हेच. पीएलजीए पाण्यात तुटत असतो (प्रश्न २), आणि कण एकमेकांना चिकटतात. ट्रेहॅलोज किंवा सुक्रोज घालून फ्रीझ-ड्राय करा. नुसते सुकवलेत तर पापडासारखा थर मिळेल, परत सुटायचा नाही. पहिल्या काही तासांत औषध भसकन बाहेर येत असेल तर ते बहुधा पृष्ठभागावर नुसतं चिकटलेलं आहे, आत गेलेलंच नाही. मोजमापाआधी कण नीट धुवा.

जंतुरहित करताना ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर २२० नॅनोमीटरचा असतो हे विसरू नका. सरासरी १८० असली तरी थोरल्या कणांची शेपूट फिल्टर तुंबवते. आणि एक गोष्ट मी स्वत: भोगलेली : ऐन जुलैत, उणे वीसमधून काढलेली पॉलिमरची बाटली मी घाईत लगेच उघडली. हवेतली सगळी ओल गार पावडरीवर बसली. पुढचे तीन महिने औषध ठरल्यापेक्षा लवकर का सुटतंय हे शोधण्यात गेले. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण काढा. तासभर चहा प्या हवं तर.

१६. दवाखान्यात चाचणीत भाग घ्याल का विचारतायत. घ्यावा का?

नोंदणी क्रमांक मागा आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तो पाहा. संमतीपत्र मराठीत किंवा गुजरातीत, जे वाचता येतं त्यात मागा आणि घरी नेऊन वाचा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई यांची नियमांत तरतूद आहे, आणि मधेच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

१७. बायकोला रक्त कमी म्हणून लोहाची सलाईन दिली. पुढच्या आठवड्यात एमआरआय आहे. संबंध काय?

फारच नेमका प्रश्न, आणि विचारला एका रिक्षाचालकाने. शिरेतून देतात ते लोह सुटं नसतं. लोहाचा नॅनोगाभा आणि भोवती साखरेच्या जातीचं आवरण, म्हणजे प्रश्न ८ मधल्या द्रव्याचा भाऊच. त्यातलं फेरुमॉक्सिटॉल एमआरआयच्या चित्रात तीन महिन्यांपर्यंत फरक पाडू शकतं. आपल्याकडे बहुधा फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज किंवा आयर्न सुक्रोज देतात. तरीही कोणतं दिलं आणि कोणत्या तारखेला, हे डिस्चार्ज कार्डावर पाहून कागदावर लिहून घ्या आणि मशीनच्या खोलीत जाण्याआधी टेक्निशियनच्या हातात द्या. चित्रात यकृत काळं दिसलं तर का दिसतंय हे रेडिऑलॉजिस्टला त्या चिठोऱ्यावरून कळेल.